तीसच मुले का, आणि हीच का? मोठ्या चाचण्यांसाठी शाळा व विद्यार्थी कसे निवडतात

पुण्यातील एका अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी विचारले आहे: राष्ट्रीय सर्वेक्षणासाठी आमची शाळा निवडली गेली, रस्त्यापलीकडची निवडली गेली नाही. आमच्याकडे तिसरीच्या चार तुकड्या. क्षेत्रीय अन्वेषक, म्हणजे चाचणी घ्यायला बाहेरून पाठवलेले लोक, आले, चिठ्ठी टाकून एक तुकडी काढली आणि तिच्यातली ३० मुले बसवली. आमची सगळ्यात चांगली तुकडी बाहेर राहिली. निवडलेल्या तुकडीतलीही दोन हुशार मुले यादीत आली नाहीत आणि जेमतेम वाचणारी तीन आली. एवढ्यावरून अख्ख्या पुणे जिल्ह्याचे चित्र कसे काढता? सगळ्याच मुलांची चाचणी का घेत नाही? आणि मुले निवडायचे काम आम्हा शिक्षकांवर सोपवले तर बिघडते कुठे?

बाई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरे त्याच्याच पोटात आहेत.

शिक्षकांनी मुले निवडली तर बहुतेक जण लबाडी करणार नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो. एखाद्या बाई अगदी मनापासून दहा हुशार, दहा मध्यम आणि दहा कच्ची मुले काढतील आणि म्हणतील, हे आमच्या वर्गाचे खरे चित्र. तरी तो नमुना आमच्या कामाचा नाही. वर्गात कोणत्या पातळीची किती मुले आहेत हेच तर मोजायचे होते, आणि ते त्यांनी मोजण्याआधीच ठरवून टाकले. शिवाय ‘मध्यम’ कोणाला म्हणायचे हे प्रत्येक शाळेत वेगळे असते. एका शाळेत मध्यम गणले जाणारे मूल शेजारच्या शाळेत पहिल्या पाचात बसते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अशा निवडीत किती चूक झाली हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. चिठ्ठीने काढलेल्या नमुन्यातही चूक असतेच, पण ती जास्तीत जास्त केवढी असेल याचा हिशेब मांडता येतो. प्रत्येक मुलाला निवडले जाण्याची संधी किती होती हे आधीपासून माहीत असते, म्हणून हे शक्य होते. माणसाने नजरेने निवडले की ती संधी कागदावर मांडता येत नाही आणि मग संख्याशास्त्राला पाय ठेवायला जागाच उरत नाही.

हे आपल्याकडे शेतीच्या कामातून फार आधी कळले होते. पीक कापणी प्रयोग तुम्ही गावाकडे पाहिले असतील. तालुक्यातून गावे, गावातून शेते, शेतातून एक छोटा आखलेला भाग, सगळे यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारख्या, पद्धतीने निवडायचे, तेवढ्या भागातले पीक कापून वजन करायचे आणि त्यावरून जिल्ह्याचे उत्पादन काढायचे. ही पद्धत भारतात रुजवणाऱ्यांत संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचे स्थान फार वरचे आहे. ते आपल्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी. कापणीचा भाग फार लहान घेतला तर उत्पादन वाढून दिसते, असे त्यांनी दाखवून दिले. कडेवर उभे असलेले रोप आत धरायचे की बाहेर, हे ठरवणे कापणाऱ्याकडे जाते आणि त्याचा कल ते आत घेण्याकडे असतो. भाग जितका लहान, तितकी त्याची कड तुलनेने मोठी. यात कोणाची अप्रामाणिकता नाही. माणसाकडे निवड सोपवली की ती एका बाजूला झुकते, एवढेच. तुमच्या वर्गातली ‘दोन हुशार मुले’ ही अशीच कडेवरची रोपे आहेत. सगळ्या शाळांनी आपापली दोन-दोन आत ओढली तर प्रत्येक शाळेची चूक लहान असेल, पण सगळ्या चुका एकाच दिशेने साठत जातील. चिठ्ठीच्या चुका दोन्ही बाजूंना होतात, म्हणून शाळा वाढत गेल्या की त्या बऱ्याच अंशी एकमेकींना खातात. एका दिशेच्या चुकांवर शाळा वाढवण्याचा काहीही परिणाम होत नाही.

आता शाळेकडे येऊ. तुमची निवडली आणि समोरची का नाही?

सुरुवात यादीपासून होते. महाराष्ट्रातल्या शाळांसाठी ती यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदवहीची. २७ ने सुरू होणारा ११ अंकी सांकेतांक तुम्ही प्रत्येक अर्जावर लिहिता, त्या नोंदवहीतून शाळेचे व्यवस्थापन, माध्यम, ग्रामीण की शहरी आणि प्रत्येक इयत्तेचा पट मिळतो. इयत्तेगणिक यादी वेगळी होते, आणि हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. डिसेंबर २०२४ मधले परख राष्ट्रीय सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीचे होते. पुणे जिल्ह्याची तिसरीची यादी उघडली तर जिल्हा परिषदेच्या लहान शाळांची रांगच्या रांग लागते. नववीच्या यादीत त्यातल्या जवळपास कोणी नसते, तिथे माध्यमिक विद्यालये असतात. म्हणून तिसरीला निवडली गेलेली शाळा सहावीला नसणे यात वावगे काही नाही.

मग यादीचे गट पाडतात. आम्ही त्यांना स्तर म्हणतो. जिल्हा परिषद, महानगरपालिका, खासगी अनुदानित, खासगी विनाअनुदानित, ग्रामीण, शहरी, क्वचित माध्यमानुसार. पुण्यासारख्या जिल्ह्यात हे फार उपयोगी पडते. इथे एकीकडे पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महानगरपालिका, दुसरीकडे भोर, वेल्हे, मुळशीचा डोंगराळ पट्टा आणि तिसरीकडे बारामती, इंदापूर, दौंडचा बागायती भाग. नुसत्या एका चिठ्ठीवर सोडले तर एखाद्या वेळी निम्मा नमुना शहरातलाच निघेल. प्रत्येक स्तरातून वाट्याप्रमाणे शाळा आधीच ठरवल्या की तो धोका संपतो. स्तराच्या आतही यादी तालुक्यानुसार लावून ठेवतात आणि ठरावीक अंतराने शाळा उचलतात, म्हणजे नमुना आपोआप सगळ्या तालुक्यांत पसरतो. 

शाळा उचलताना प्रत्येकीला सारखी संधी देत नाहीत. मोठ्या पटाच्या शाळेला जास्त, लहान पटाच्या शाळेला कमी. मुख्याध्यापकांच्या सभेत हे सांगितले की नेहमी कुजबुज होते, म्हणून उदाहरण घेऊनच दाखवतो. आकडे समजण्यापुरते, काल्पनिक आहेत.

समजा एका स्तरात सहा शाळा आहेत आणि त्यांचा तिसरीचा पट अनुक्रमे १२, ४०, ८, ९५, २५ आणि ६०. एकूण २४०. दोन शाळा निवडायच्या आहेत आणि प्रत्येक शाळेतून २० मुले. पटाची चढती बेरीज मांडा: १२, ५२, ६०, १५५, १८०, २४०. दोन शाळा हव्यात म्हणून २४० ला २ ने भागले, अंतर आले १२०. आता १ ते १२० मधला एक आकडा यादृच्छिक काढा. समजा ३७ निघाला. बेरजेत ३७ वे मूल दुसऱ्या शाळेत आहे, ती निवडली. ३७ अधिक १२० म्हणजे १५७, ते मूल पाचव्या शाळेत, ती निवडली. झाली निवड. ९५ पटाची चौथी शाळा सगळ्यात मोठी असूनही सुटली, कारण मोठ्या शाळेला संधी जास्त असते, हमी नसते. समोरच्या शाळेला पत्र आले नाही याचे उत्तर एवढेच आहे. तिच्याविषयी कोणी काही ठरवलेले नाही, आणि तुमच्याविषयीही नाही.

आता एकेका मुलाची संधी मोजू. ९५ पटाच्या शाळेची निवड होण्याची संधी १२० त ९५. शाळा निवडली गेली तर तिथल्या मुलाची संधी ९५ त २०. दोन्हींचा गुणाकार करा: ९५ खाली-वर कटतो आणि उरते १२० त २०, म्हणजे सहात एक. ४० पटाच्या शाळेतही तेच: १२० त ४० गुणिले ४० त २०, पुन्हा सहात एक. शाळा मोठी असो की लहान, मुलाची संधी समान. शाळेच्या पातळीवर जो भेदभाव वाटतो, तो मुलांना एका रांगेत आणण्यासाठी असतो. सगळ्या शाळांना सारखी संधी दिली असती तर ९५ पटाच्या शाळेतल्या मुलाला साधारण चौदात एक संधी मिळाली असती आणि ८ पटाच्या शाळेतल्या मुलाला तीनात एक. जिल्ह्याची सरासरी लहान शाळांकडे ओढली गेली असती. ही युक्ती हॅन्सन आणि हुर्विट्झ या दोन अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये मांडली, आणि जगभरातल्या बहुतेक मोठ्या शालेय चाचण्या आजही तिच्यावर उभ्या आहेत. पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय पिसा चाचणी अशीच शाळा निवडते आणि अलीकडच्या फेऱ्यांत साधारणतः एका शाळेतून ४२ मुले घेते. गणित-विज्ञानाची आंतरराष्ट्रीय टिम्स चाचणीही शाळा अशाच काढते, पण मग एकटीदुकटी मुले न घेता अख्खा वर्गच बसवते, कारण तिला त्या वर्गातले शिकवणेही अभ्यासायचे असते.

उदाहरणातल्या १२ आणि ८ पटाच्या शाळा मुद्दाम घातल्या होत्या. तिथे २० मुले नाहीतच. १२ पटाच्या शाळेची संधी १२० त १२. निवडली गेली तर बाराही मुले घ्यायची. म्हणजे मुलाची संधी दहात एक. ८ पटाच्या शाळेत पंधरात एक. इथे समानता मोडली. वेल्हे आणि मुळशीत अशा शाळा थोड्या नाहीत, त्यामुळे हा कोपऱ्यातला प्रश्न म्हणून सोडून देता येत नाही. उपाय भारांकाचा. सहात एक संधीने आलेले मूल बेरीज करताना सहा मुलांच्या वतीने बोलते, दहात एक संधीने आलेले दहांच्या वतीने, पंधरात एक आलेले पंधरांच्या वतीने. डोंगरातल्या दोनशिक्षकी शाळेतल्या त्या आठ मुलांपैकी प्रत्येकाचे उत्तर शहरातल्या मुलाच्या अडीचपट वजनाने मोजले जाते. म्हणून अशा शाळेत अन्वेषक पोचलाच नाही, किंवा पाऊस, रस्ता अशा कारणाने कोणी ‘आठच तर मुले आहेत, सोडा’ म्हटले, की माझा जीव तुटतो. आठ मुले सुटलेली नसतात, १२० सुटलेली असतात.

आता तुमच्या चार तुकड्या. प्रत्येकीत ५० मुले धरू. एक तुकडी चारात एक संधीने आणि तिच्यातून ५० त ३०. गुणाकार २०० त ३०, म्हणजे सगळ्या २०० मुलांतून थेट ३० काढली असती तरी हीच संधी. ‘आमची सगळ्यात चांगली तुकडी बाहेर राहिली’ हे खरे आहे. दुसऱ्या एखाद्या शाळेत त्याच दिवशी सगळ्यात चांगली तुकडी आत आली असेल. जिल्ह्याच्या पातळीवर ते समतोल होते. पण माझे स्पष्ट मत सांगतो: जिथे मुलांना गुणांनुसार तुकड्यांत वाटलेले असते तिथे एकच तुकडी घेणे मला आवडत नाही. सरासरी चुकत नाही, पण निकाल डळमळीत होतो. चारही तुकड्यांतून थोडी-थोडी मुले घेणे केव्हाही चांगले. तसे केले की चार वर्गांचे तास मोडतात, चार वर्गशिक्षक अडकतात, म्हणून व्यवहारात एक तुकडी स्वीकारली जाते. मुलांना गुणांवरून तुकड्यांत वाटणे हेच मुळात थांबावे असे मला वाटते, पण तो विषय वेगळा.

तुकडीतून ३० मुले काढायची रीत साधी असते, आणि नेमका तिथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. त्या दिवशी हजर असलेल्या मुलांना हजेरीपटाच्या क्रमाने १ पासून नंबर द्यायचे. समजा ४८ हजर आहेत. ४८ भागिले ३० म्हणजे १.६ हे अंतर. शून्य ते १.६ मधला एक आकडा यादृच्छिक घ्यायचा, समजा १.१, आणि १.६ मिळवत जायचे: १.१, २.७, ४.३, ५.९, ७.५. प्रत्येक आकडा वरच्या पूर्णांकात न्यायचा: २, ३, ५, ६, ८. असे करत ४८ पर्यंत बरोबर ३० नंबर मिळतात.

हे न करता ‘पहिली तीस घ्या’ म्हटले तर काय होते? आपल्याकडच्या कित्येक हजेरीपटांत आधी सगळे मुलगे आणि मग सगळ्या मुली असतात. पहिली तीस म्हणजे जवळपास मुलगेच. वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलांची नावे तर सगळ्यात शेवटी जोडलेली असतात. बांधकामावर आलेल्या कुटुंबातले, वीटभट्टीवरचे, बदलीने आलेले, अशी सगळी मुले त्या शेपटात असतात. पहिली तीस घेतली की नेमकी हीच मुले बाहेर पडतात. ठरावीक अंतराने गेले तर पट मुलगे-मुलींमध्ये विभागलेला असल्याचा उलट फायदा होतो, दोघेही आपापल्या प्रमाणात येतात. एक धोका मात्र लक्षात ठेवा. काही शाळांत मुलांना एक मुलगा, एक मुलगी असे ओळीत बसवतात. ६० जणांतून ३० हवे असतील आणि बसलेल्या ओळीवरून एकाआड एक उचलले, तर सगळे मुलगे तरी येतील किंवा सगळ्या मुली. म्हणून बाकांवरून मोजायचे नाही, पटावरूनच मोजायचे.

तुमची जेमतेम वाचणारी तीन मुले यादीत आली, ते बरोबरच झाले. तुमच्या शाळेत तशी मुले आहेत, जिल्ह्यातही आहेत, आणि चाचणीनंतर पैसा, पुस्तके, प्रशिक्षण कुठे वळवायचे हे ठरवताना मोजली जायला हवीत ती तीच.

किती मुले पुरतात, याविषयी दोन गैरसमज नेहमी भेटतात. पहिला असा की जिल्हा मोठा तर नमुना त्याच प्रमाणात मोठा हवा. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांवर आणि सिंधुदुर्गाची साडेआठ लाखांच्या आत, म्हणजे अकरापटीचा फरक. तरी दोन्ही जिल्ह्यांचे उत्तर सारख्याच अचूकतेने हवे असेल तर नमुना जवळपास सारखाच लागतो. अचूकता नमुन्याच्या आकारावर आणि मुलांमुलांतल्या फरकावर ठरते. जिल्ह्यात एकूण मुले किती, याचा तिच्यावर नगण्य परिणाम होतो.

दुसरा गैरसमज जास्त नुकसान करतो. ‘१२०० मुले तपासली’ म्हटले की ऐकणाऱ्याला ती सुटी-सुटी १२०० वाटतात. पण ४० शाळांतून ३०-३० घेतलेली असतात. एका शाळेतली मुले एकमेकांसारखी असतात, कारण तेच शिक्षक, तोच परिसर, बरेचदा तशाच घरची परिस्थिती. तिसावे मूल नवी माहिती फार थोडी देते. हे सारखेपण मोजता येते. समजा शून्य (काहीच सारखी नाहीत) ते एक (अगदी सारखी) या मापावर ते ०.३ आहे, आपल्याकडच्या शाळाशाळांतली तफावत पाहता हे काही अवाजवी नाही. मग शाळेमागे ३० मुलांसाठी हिशेब असा: १ अधिक २९ गुणिले ०.३, म्हणजे ९.७. बाराशेला ९.७ ने भागा, उरतात सुमारे १२४. म्हणजे ही बाराशे मुले जिल्हाभरातून सुटी निवडलेल्या १२४ मुलांइतकीच माहिती देतात. निम्म्या मुलांना एखादे कौशल्य येते असा निकाल असेल तर बाराशेच्या भरवशावर वाटेल की चूक तीन टक्क्यांच्या आत आहे, प्रत्यक्षात ती दोन्ही बाजूंना जवळपास नऊ टक्के असते. तीच १२०० मुले ८० शाळांतून १५-१५ घेतली तर भाजक ५.२ होतो आणि चूक साडेसहा टक्क्यांवर येते. स्तर नीट पाडले की आणखी खाली येते. त्यामुळे पैसा असेल तर एका शाळेत मुले वाढवण्यापेक्षा शाळा वाढवाव्यात, असे मी प्रत्येक नियोजनाच्या बैठकीत सांगतो. खर्चाची बाजू मात्र उलट ओढते. एकदा अन्वेषक शाळेत पोचला की पंधरा मुले काय आणि तीस काय, खर्च तेवढाच, आणि नवी शाळा म्हणजे नवा माणूस, नवा प्रवास, नवा पेटारा. ३० हा आकडा या ओढाताणीतून आला आहे.

परखच्या २०२४ च्या फेरीत देशभरात ७८१ जिल्ह्यांतल्या ७४ हजारांवर शाळा आणि २१ लाखांवर मुले होती. ऐकायला प्रचंड, पण जिल्ह्यामागे सरासरी ९५ शाळा पडतात, त्याही तीन इयत्ता मिळून. देशाचे उत्तर अतिशय पक्के, राज्याचे पक्के, जिल्ह्याचे कामापुरते. निकाल आले की जिल्ह्यांचे क्रमांक छापून येतात आणि कोणी एका टक्क्याने नऊवरून चौदावर घसरला म्हणून बैठका बोलावल्या जातात. एका-दोन टक्क्यांच्या फरकावर कोणालाही जाब विचारला जाऊ नये.

मग सगळ्यांचीच चाचणी का नाही? खर्च हे कारण आहेच, पण माझ्या दृष्टीने मोठे कारण वेगळे आहे. लाखो मुलांची एकाच दिवशी चाचणी घ्यायची तर तपासनीस कोण? ज्यांनी शिकवले तेच. आणि निकाल शाळेच्या नावावर लागणार म्हटल्यावर आठवडाभर फक्त त्या प्रश्नांचा सराव होणार. थोड्या शाळांत बाहेरचा प्रशिक्षित माणूस पाठवून घेतलेली चाचणी खूप जास्त खरी असते. नमुन्याचा आणखी एक फायदा असा की प्रश्नपत्रिकेचे वेगवेगळे संच करता येतात. प्रत्येक मूल थोडेच प्रश्न सोडवते आणि सगळी मिळून पूर्ण अभ्यासक्रम व्यापतात. शिष्यवृत्ती परीक्षा ही तर तिसरीच गोष्ट. परीक्षा परिषद ती घेते, तिला शाळा आपली तयारीची मुले बसवतात, आणि तो त्या परीक्षेचा हेतूच आहे. तिच्या निकालावरून जिल्ह्यातल्या सर्वसाधारण मुलाविषयी काही बोलणे चूक.

मुलांच्या वाचन-गणिताचे ‘असर’ हे जे दुसरे सर्वेक्षण होते, त्याचे आकडे का जुळत नाहीत, असेही हटकून विचारले जाते. असर २००५ पासून चालते, फक्त ग्रामीण भागात, आणि शाळेत न जाता घरोघर जाते. जिल्ह्यातली ३० गावे लोकसंख्येच्या प्रमाणात निवडतात, गावाचे चार भाग करून ठरावीक अंतराने एकूण २० घरे घेतात आणि मुलाला समोर बसवून वाचायला लावतात. त्यात शाळेत न गेलेले मूलही येते, त्या दिवशी घरी राहिलेलेही येते. शाळेच्या यादीवर उभे असलेले सर्वेक्षण शाळेत हजर असलेल्यांविषयीच बोलते. मोजलेली मुलेच वेगळी आहेत, उत्तरे वेगळी येणारच.

यादीत नसलेले मूल हीच माझी या कामातली सगळ्यात मोठी चिंता आहे. यू-डायसचा पट ३० सप्टेंबरचा असतो. २०२१ चे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबरला झाले, २०२४ चे परख ४ डिसेंबरला. दरम्यान उसाचा गाळप हंगाम सुरू झालेला असतो. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांतली कितीतरी मुले तोवर बारामती, इंदापूर, दौंडच्या फडांवर आलेली असतात. त्यांचे नाव तिकडच्या शाळेच्या पटावर असते आणि त्या दिवशी तिथे ती गैरहजर. इथे ती कोणत्याच पटावर नसतात. चिठ्ठी कितीही निर्मळ असली तरी हे मूल दोन्ही जिल्ह्यांच्या नमुन्यात येत नाही आणि कोणताही भारांक त्याला परत आणत नाही. पुण्याभोवतीच्या बांधकामांवरच्या आणि वीटभट्ट्यांवरच्या मुलांचेही तेच. नोव्हेंबर-डिसेंबरऐवजी ही चाचणी सप्टेंबरात घ्यावी, किंवा हंगामी स्थलांतराच्या जिल्ह्यांत वेगळा छोटा नमुना फडांवरच काढावा, असे माझे ठाम मत आहे. जिल्ह्याची सरासरी थोडी खाली येईल. येऊ द्यावी.

गैरहजरीचे आणखी एक रूप शाळेच्या हातात असते. चाचणीच्या दिवशी काही मुलांना ‘उद्या नाही आलास तरी चालेल’ असे सांगितले जाते. पिसामध्ये निवडलेल्या विद्यार्थ्यांपैकी किमान ८० टक्के आणि मूळ निवडलेल्या शाळांपैकी ८५ टक्के सहभागी व्हाव्यात अशी अट असते. वगळलेली मुले एकूण ५ टक्क्यांच्या आत ठेवावी लागतात. अटी इतक्या कडक आहेत कारण गळणारी मुले कधीच सरासरी मुले नसतात. शाळांचेही तसेच. एखादी निवडलेली शाळा खरोखर बंद निघाली तर बदली शाळा कोणती हे आधीच कागदावर ठरलेले असते. टिम्समध्ये यादीत तिच्या लगेच वरची किंवा खालची शाळा घेतात, म्हणजे आकाराने आणि प्रकाराने जवळची. जवळ पडते म्हणून केंद्रप्रमुखांनी सुचवलेली शाळा बदली म्हणून चालत नाही.

तुमच्या शाळेचा वेगळा निकाल मिळेल का, असेही तुमच्या मनात असेल. मिळणार नाही, आणि मिळाला तरी उपयोगाचा नसेल. २०० पैकी ३० मुलांवरून शाळेचा टक्का काढला तर चूक दोन्ही बाजूंना १६ टक्क्यांच्या आसपास जाते. ५० टक्के म्हणजे ३४ असू शकतात किंवा ६६. शाळेविषयी जाणून घ्यायचे तर तुम्ही वर्षभर स्वतः घेता त्या चाचण्या याहून कितीतरी जास्त सांगतात. म्हणूनच मुले बदलून शाळेला मिळणारही काही नसते.

पुन्हा कधी निवडीचे पत्र आले तर एक काम आधी करा. यादीत नोंदलेला पट आणि तुमचा आजचा पट ताडून पाहा. वर्षभरात तुकडी वाढली असेल, मुले दुसऱ्या शाळेत गेली असतील, तर अन्वेषकांच्या प्रपत्रात प्रत्यक्ष पट, तुकड्यांची संख्या आणि त्या दिवशीची हजेरी, तिन्ही आकडे खरे लिहून द्या. वरच्या उदाहरणात ४० पटाच्या शाळेत प्रत्यक्षात ५० मुले निघाली तर मुलाचा भारांक सहावरून साडेसातवर जातो. शाळा निवडताना जुना आकडा वापरलेला असतो, भारांक काढताना दोन्ही लागतात. अन्वेषक बहुतेक वेळा डीएलएड किंवा बीएडचे विद्यार्थी असतात, वयाने लहान, आणि मुख्याध्यापकांच्या दालनात बिचकतात. हजेरीपट तुम्ही स्वतः त्यांच्यासमोर ठेवा आणि ते नंबर काढत असताना वर्गशिक्षकांना बाहेर थांबायला सांगा.